शनिवारी बंद पडणारी गाडी

२५ फेब्रुवारी, रविवार

मामा,

नमस्कार, तब्येतीची चौकशी, हवापाणी हे सगळं वर लिहिलंय असं समज, कारण मला घाई आहे आणि राग आलाय. फोनच करणार होते. पण गेल्या खेपेला तू "काय? काय म्हणालीस?" करत राहिलास आणि मी इतकी ओरडले की शेजारच्या बाई भांडण सोडवायला आल्या. तेव्हा आपलं पत्रच बरं.

गाडी काल पुन्हा बंद पडली. जागा तीच. दगडी पूल ओलांडला, चढ लागला, आणि कठड्याच्या भिंतीपाशी ते मोठं वळण येतं ना, तिथे आधी एक आचका, मग दुसरा, मग फुस्स. बाबांनी पुढच्या सीटवरून नेहमीचं वाक्य म्हटलं, "तापली बिचारी. अर्धा तास निवू दे तिला." आई मागच्या सीटवरून थर्मास घेऊन उतरली. ती हल्ली मागे मधोमध बसते आणि दोन सीटांच्या मधून डोकं बाहेर काढून मला रस्ता दाखवते, जणू मी पहिल्यांदाच चाललेय. दोघं भिंतीवर जाऊन बसली, मी बॉनेट उघडून इंजिनाकडे बघत बसले. अर्ध्या तासाने किल्ली फिरवली तर सुरू! काही झालंच नव्हतं जसं.

मी गाडी हातात घेतल्यापासून सलग सहावा शनिवार आहे हा. लहानपणी आईबाबा दुकानाचा माल आणायला टेकडीपलीकडच्या घाऊक बाजारात जायचे आणि यायला उशीर झाला की आजी म्हणायची, "पडली असेल बंद नेहमीच्या जागी." तेव्हा ते बाबांचं नशीब होतं. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांच्या हातातून स्टिअरिंग काढून घेतलंय, गाडी मी चालवते, आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर.

दादाने काल फर्मान काढलं. दुकान आता तो बघतो, आणि त्याचं म्हणणं असं की बटणं, दोरे आणि चेनी आणायला एवढी यातायात कशाला, टेम्पोवाला दारात आणून देतो. एप्रिल संपेपर्यंत गाडी बंद पडायची थांबली नाही तर तो ती विकणार. जुन्या गाड्या घेणारा माणूस येऊनही गेला. त्याने टायरला लाथ मारून पाहिली, मामा! ती माझ्या पोटात बसली. मी याच गाडीत गिअर टाकायला शिकले. बाबांना आता धड पेपर वाचता येत नाही, पण गाडी पुसताना त्यांच्या हाताला तिचा प्रत्येक पोचा सापडतो. ती गेली तर ते दिवसभर करणार काय?

म्हणून मी ठरवलंय. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून बसलेला, इंजिन तापलं की तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही त्याला ओढता येत नाही. हा रोग आहे. उपाय म्हणजे तो पंप काढून टाकायचा आणि मागे टाकीजवळ, थंड जागी, बाहेर मिळतो तसा विजेवर चालणारा पंप बसवायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी रोज नळ्या जोडते आणि तारा सोलते, एवढं मला जमेल. कसं करायचं ते तेवढं सांग.

तुझी,
पकड


१ मार्च

पकडबाई,

पत्र मामीने मोठ्याने वाचून दाखवलं आणि तुझा राग तिच्याच आवाजात ऐकला, त्यामुळे दुप्पट घाबरलो. तुला पकड म्हणतो ते उगाच नाही. चार वर्षांची होतीस, माझ्या गॅरेजातली पकड हातात धरलीस ती जेवताना सोडली नाहीस, झोपताना सोडली नाहीस. आता विजेच्या पंपाला धरून बसू नको.

अगं, तो जुना पंप उत्तम आहे. मी स्वतः उघडून बसवलेला आहे. त्याच्यावर एक ओलं फडकं टाकत जा, बस्स. आणि अर्धा तास थांबलात तर कुणाचं काय जातं? भाऊजींना मोकळी हवा मिळते, माझ्या ताईचे पाय मोकळे होतात. गाड्यांनाही म्हातारपण असतं. दादाला सांग, मामा म्हणाला, मोठ्या माणसांच्या गाडीला लाथ मारणारा माणूस दारात उभा करायचा नसतो.

आणि निदान न करता पाना धरायचा नाही. माझ्या गॅरेजात चाळीस वर्षं एकच नियम होता. आधी कार्ड भरायचं. काय झालं, कधी झालं, कुठे झालं, हवा कशी होती, गाडीत कोण कोण होतं. सगळं लिहून झालं की मग हत्यार. तू कार्ड भरायला घे, तोवर एप्रिल निघून जाईल.

मामीचा आशीर्वाद. गुडघा तिचा दुखतो, कुरकुर मी करतो.

मामा


१३ मार्च

मामा,

एप्रिल निघून जाईल म्हणे! तू मला ओळखत नाहीस. मी एका आठवड्यात नऊ कार्डं भरली. कॉलेज सुटल्यावर रोज संध्याकाळी पुलापर्यंत आणि वर वळणापर्यंत. बरोबर प्रयोगशाळेतला थर्मामीटर.

आता नीट ऐक. सोमवारी मी एकटी गेले. चालली. मंगळवारी भर दुपारी, दादाला घेऊन. रस्ता भट्टीसारखा तापलेला, पंपाला बोट लावलं तर चटका बसला, पण गाडी चालली. बुधवारी एकट्या आईला नेलं, चालली. गुरुवारी एकट्या बाबांना नेलं, चालली. आणि शनिवारी सकाळी आठला, गार वारा सुटलेला असताना, दोघांना घेऊन गेले तर वळणावर बंद! तू सांगितलेलं ओलं फडकं पंपावर होतंच, तेही हसत असेल.

मला वाटलं वजन. दोन माणसं जास्त, चढ, इंजिनावर ताण. म्हणून रविवारी वाळूची दोन पोती मागे टाकली, आईबाबांच्या वजनापेक्षा जास्तच. गाडी कुरकुरत गेली पण गेली. आता तूच सांग, मी काय समजायचं? आईबाबांच्या अंगातून काही किरण निघतात?

कार्डावरचा तो "गाडीत कोण होतं" हा रकाना तू कशाला ठेवला होतास रे? मला काही उमगत नाही. पण विज्ञान असं सांगतं की कारण सापडत नसेल तर संशय असेल तो भाग बदलून बघावा. मी पंप विकत आणलाय. तुझ्या मदतीने नाहीतर तुझ्याशिवाय, येत्या आठवड्यात बसवणार. दादा सारखा कॅलेंडर बघतोय.

पकड


१७ मार्च

पकडे,

मामी म्हणते, कार्डाचं सुचवलं ते माझंच चुकलं. तिचं बरोबर असतं, हे तिला कळू देत नाही एवढंच.

बरं. बसवणारच आहेस तर नीट बसव, उगाच स्वतःला पेटवून घेऊ नको. आधी पंप बघ. इंजेक्शनवाल्या नव्या गाडीचा दिला असेल तर जाऊन दुकानदाराच्या गळ्यात बांध. तो एवढ्या जोराने पेट्रोल फेकतो की आपला कार्बोरेटर ओसंडून वाहील. आपल्याला तीन-चार पौंड दाबाचा, टिकटिक करणारा साधा पंप पाहिजे. बॅटरीची तार आधी काढ. टाकी जवळजवळ रिकामी असू दे. काम उघड्यावर कर, शेजारी वाळूची बादली ठेव. पोती आहेतच तुझ्याकडे.

पंप टाकीजवळ आणि टाकीच्या तळापेक्षा खाली हवा. तो ढकलण्यात वाघ आहे, ओढण्यात शेळी. त्याच्या आधी फिल्टर टाक, टाकीतला तीस वर्षांचा गाळ त्याच्या पोटात जायला नको. रबराच्या तुकड्यांवर बसव, नाहीतर सगळी गाडी टिकटिक करेल. इंजिनावरचा जुना पंप काढलास की तिथे भोक पडतं, त्यावर पत्र्याची चकती आणि गॅस्केट लाव, नाहीतर तेल उडून तुझी आंघोळ होईल. वीज फ्यूजमधून ने, आणि इंजिन थांबलं की पंपही थांबेल असा रिले मिळतो तो लाव. तो नसला आणि कुठे धडक बसली तर हा बापडा पेट्रोल ओततच राहील. यात आळस केलास तर मी तिथे येऊन कान धरीन.

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. टाकीपासून पुढे येणारा जुना पाइप आहे त्याला हात लावायचा नाही. तो तसाच ठेव. पंपातून निघालेलं पेट्रोल त्याच पाइपातून पुढे जाऊ दे. का, ते विचारू नको. मामा सांगतोय म्हणून.

मामा


२४ मार्च

मामा!

चालली! काल शनिवारी, आई आणि बाबा दोघंही गाडीत, आणि वळणावरून अशी गेली की मी चढ संपेपर्यंत श्वास सोडला नाही. मग मी इतक्या जोरात ओरडले की समोरचा सायकलवाला घाबरून उतरला.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. दुकानदाराने खरंच चुकीचा पंप दिला होता, बदलून आणला. चकती मी स्वतः पत्र्यातून कापली, गॅस्केटसाठी दादाच्या दुकानातला जाड पुठ्ठा चालेल का असं दादानेच विचारलं, त्याला हाकलून दिलं. पहिल्यांदा किल्ली फिरवली आणि मागून टिकटिकटिकटिक अशी घाई सुरू झाली. पाइप भरला तशी ती मंदावली, टिक... टिक... मग इंजिन लागलं. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

फक्त एक तुझं ऐकलं नाही, रागावू नको. जुना पाइप गंजून पापुद्रे सुटले होते. एका जागी तर बोटाने दाबला आणि ओल आली. असा पाइप मी ठेवणार नाही, आत माझे आईबाप बसतात. नवा पाइप घेतला आणि तळाच्या कडेकडेने, बाहेरून सरळ पुढे नेला. जुन्याची दोन्ही टोकं कापून, बूच मारून तो तिथेच राहू दिला. त्यात मधोमध, हँडब्रेकच्या बरोबर खाली, एक पितळी तोटी निघाली. पाणी-कचरा काढायला असेल. तिचा दांडा वर गाडीत कुठेतरी जातो, पण म्हटलं असू दे, कोण ते हँडब्रेकभोवतीचं रबर उचकटत बसेल.

एक गंमत सांगते. काल पूल आल्यावर बाबांनी हँडब्रेकशी जो काही चाळा सुरू केला! मी म्हटलं, "बाबा, मी नीट चालवतेय, ब्रेक ओढू नका." हात काढून घेतला, पण वळणावर पुन्हा तेच. आईसुद्धा मधून वाकून तिथेच चाचपडत होती, म्हणे चष्म्याची डबी पडली. डबी तिच्या मांडीवर होती. दोघांनाही माझ्या चालवण्याचा भरवसा नाही, दुसरं काय! चढ संपल्यावर बाबा इतकंच म्हणाले, "गेली की गं सरळ."

दादा आणखी तीन-चार शनिवार बघणार म्हणतो. बघू दे की.

तुझी विजयी,
पकड


२८ मार्च

पकडे,

शाबास. खरंच शाबास. गंजका पाइप बदललास ते बरोबरच केलंस, तुझ्या जागी मी असतो तर मीही बदलला असता. हे मी आधी लिहितो कारण पुढे लिहिणार आहे ते वाचून तुला वाटेल मामा नाराज आहे.

ताई कशी आहे? तिने चहा कुठे घेतला? भाऊजी काय म्हणतात? मला सगळं सविस्तर लिही. ती तोटी अजून जागेवर आहे ना? फेकू नको. पाणी-कचऱ्यासाठी नाही ती.

मामी विचारते, मला घाम का फुटलाय.

मामा


३१ मार्च

मामा,

तुझं पत्र विचित्र आहे, पण इथे त्याहून विचित्र चाललंय म्हणून आधी तेच लिहिते.

काल दुसरा शनिवार. गाडी फुलासारखी गेली. अकराच्या आत माल घेऊन घरी. आई उतरली ती थेट स्वयंपाकघरात, आणि थर्मास धुऊन, पुसून, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. त्यातला चहा तसाच होता, तो आधी मोरीत ओतला. मी म्हटलं, "वर कशाला, पुढच्या शनिवारी लागेल." तर म्हणाली, "आता कशाला लागतोय."

संध्याकाळी जेवताना दादा मोठ्या मनाने म्हणाला, "पकड, मानलं तुला. राहू दे गाडी." मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं आता त्यांचा चेहरा फुलणार. बाबांनी ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "विकून टाका. दादाचं बरोबर आहे. आता तिच्यात काही राहिलं नाही."

मामा, मी चार दिवस गाडीखाली उताणी पडले होते! माझ्या केसांना अजून पेट्रोलचा वास येतो. ज्यांच्यासाठी केलं तेच म्हणतात विका! आईकडे बघितलं तर ती भाजीतली मिरची शोधत होती. नंतर खोलीत गेले तर दोघं पलंगाच्या दोन कडांना बसलेली, बाबा रेडिओपाशी, आई शिवणापाशी. मी पहिल्यांदाच बघत होते असं वाटलं. घरात ही दोघं एकमेकांशी बोलतात ते फक्त गोळ्या घेतल्या का आणि दार लावलं का.

दादाने त्या माणसाला बुधवारी, दहा एप्रिलला बोलावलंय. बाबाच म्हणतात म्हटल्यावर मी कुणाशी भांडू? माझं काय चुकलं ते तुला ठाऊक आहे, मला तुझ्या घामावरून कळलं. काय लपवतोयस?

पकड


३ एप्रिल

पकडे, माझ्या बाळा,

हे पत्र मामीला न दाखवता लिहितोय, आणि एक शपथ मोडतोय. एकतीस वर्षं पाळली, आता बास.

ती तोटी मी बसवली.

तुझा दादा तेव्हा पाळण्यात होता, तू तर नव्हतीसच. घरात तेरा माणसं. माझी ताई पहाटे उठायची ती रात्री सगळ्यांची अंथरुणं पडल्यावर पाठ टेकायची. शनिवारी बाजारात माल निवडायला तिचीच नजर लागायची, म्हणून तेवढी ती गाडीतून बाहेर पडायची, आणि गाडीतही तिचं एकच पालुपद, "लवकर चला, घरी काम पडलंय." एक दिवस भाऊजी माझ्या गॅरेजात आले. एक पाना उचलला, खाली ठेवला. मग म्हणाले, "अरे, तुझी बहीण दिवसभरात माझ्याशी एकच वाक्य बोलते, डबा घेतला का. मला तिच्याशी बोलायचंय रे. त्या वळणावर भिंत आहे, सावली आहे, बसू या म्हटलं तर म्हणते, लोक काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील." आणि मग हळूच म्हणाले, "गाडीच बंद पडली तर मात्र कुणी काही म्हणणार नाही."

एका दुपारचं काम होतं ते. पेट्रोलच्या पाइपात तोटी, तिचा दांडा वर हँडब्रेकच्या रबराखाली. तोटी बंद केली तरी कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल असतं, तेवढ्यावर गाडी थोडी जाते, आणि निघताना तोटी उघडली की पुन्हा सुरू. पहिल्या शनिवारी ती भलतीकडेच, कचऱ्याच्या ढिगापाशी थांबली. दुसऱ्या शनिवारी वळणाच्या पुढे गेली. तिसऱ्या खेपेला जमलं. पुलाच्या पलीकडच्या टोकाला बंद केली की बरोबर भिंतीपाशी. भाऊजी मला सांगायला धावत आले होते, परीक्षा पास झाल्यासारखे. मग म्हणाले, पान्यावर हात ठेव, तुझ्या बहिणीला कधीही सांगणार नाहीस. ठेवला मी हात.

तेव्हापासून दर शनिवारी अर्धा तास. तू म्हणतेस ना, बोलत नाहीत. तुझ्या आईबाबांचा संसार त्या भिंतीवर झालाय, पोरी. तुला शिकायला पाठवायचं तिथे ठरलं. दुकानाची भिंत पाडायची तिथे ठरलं. आजी गेल्यावर ताई पहिल्यांदा रडली ती तिथेच, मला भाऊजींनी सांगितलं.

म्हणून म्हणत होतो, जुना पाइप राहू दे. विजेचा पंप असला तरी तोटीने काम झालं असतं आणि तुझी हौसही झाली असती. तुला खरं सांगितलं असतं तर नवा पाइप टाकतानाच तू त्यात तोटी बसवली असतीस. माझ्या शपथेने घोटाळा केला. आता कसं निस्तरायचं ते तू बघ. मला एवढंच माहीत आहे की दहा तारखेच्या आत ती गाडी बंद पडली पाहिजे.

तुझा मामा


१४ एप्रिल, रविवार

मामा,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. शनिवारी सकाळी बाबांना खोटंच सांगितलं की मला कॉलेजात काम आहे, बाजार पुढच्या खेपेला. दादा म्हणाला, बरं झालं, टेम्पोला सवय होऊ दे. आणि दिवसभर मी गाडीखाली. नवा पाइप कडेवरून काढून हँडब्रेकच्या खालून नेला आणि तिथे मधोमध कापून तुझी तोटी त्यात घातली. तिचं पितळ घासलं तर तुझ्या हाताने कोरलेली तारीख निघाली. दोन जोडांना साबणाचं पाणी लावून गळती बघितली, एक थेंब नाही. मग हँडब्रेकचं रबर वर उचललं. दांड्याचं टोक इतकं गुळगुळीत झालंय, मामा.

रात्री जेवताना मी ताटात बघत म्हटलं, "मामाने सांगितलं जुनी तोटी काढू नये, म्हणून परत बसवली." बाबांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "मामाला गाडीतलं कळतं." आणि थोड्या वेळाने दादाला म्हणाले, "त्या माणसाला बुधवारी नको. पुढच्या बुधवारी बोलाव. आणखी एक शनिवार बघू." दादा म्हणाला, "मग येत्या शनिवारी मी स्वतः येतो. बंद पडली तर तिथल्या तिथे सौदा."

म्हणजे काल. मी चालवत होते, बाबा शेजारी, मागे आई आणि दादा. थर्मास वरच्या फळीवरून खाली आला होता, तो बाबांनी मांडीवर घेतला होता.

एक गोष्ट तू विचारात घेतली नव्हतीस. हा पंप टिकटिक करतो. सगळ्या गाडीत हळू ऐकू येतं, घड्याळासारखं. पूल आला. टिक, टिक, टिक. पुलाचं पलीकडचं टोक आलं आणि टिकटिक थांबली. तोटी बंद झाली की पंपाला ढकलायला जागा नाही, तो गप्प बसतो. तीस वर्षांचं गुपित आता सगळ्यांना ऐकू येणार होतं! मी घाबरून बाबांकडे बघितलं.

बाबांचे दोन्ही हात थर्मासवर होते. आणि तेच दचकून इकडेतिकडे बघत होते.

मी आरशात बघितलं. आई दोन सीटांच्या मधून वाकलेली होती, नेहमीसारखी. आरशात आमची नजरानजर झाली. ती म्हणाली, "पुढे बघ, रस्ता बघ."

वळणावर आचका, दुसरा आचका, फुस्स. बाबा म्हणाले, "तापली बिचारी," पण त्यांचा आवाज इतका खुशीत होता की मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. दादा उतरला, बॉनेट उघडलं, फोन काढला तर तिथे रेंज नाही. मी म्हटलं, अर्धा तास निवू दे. करणार काय, तोही भिंतीवर जाऊन बसला. आईने त्याला चहा ओतून दिला आणि बाबांनी त्याला विचारलं, दुकानात तुला खरंच मजा येते का रे? हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसेल. मी लांब उभी होते, पण तो बराच वेळ बोलत होता, आणि एकदा त्याने डोळेही पुसले. गाडी निवायला चांगली पन्नास मिनिटं लागली.

परत निघाल्यावर मीच विचारलं, "मग? करायचा सौदा?" आई मधून म्हणाली, "ही गाडी विकायची नाही. मला आवडते." मामा, माझ्या आईला काय आवडतं हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. दादा खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "पुढच्या शनिवारी मीपण येतो. बंद पडली तर ढकलायला कुणीतरी नको का?"

हे पत्र लिहीत होते तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. सगळं वाचलं. म्हणाली, खाली थोडी जागा ठेव.

तुझी,
पकड


बाळ्या,

पहिल्याच वर्षी कळलं होतं मला. तिन्ही ऋतूंत एकाच जागी बंद पडणारी गाडी जगात नसते. पण ह्यांनी एवढी खटपट केली, तर म्हटलं पडू दे बंद. ह्यांना आता पूल नीट दिसत नाही, कधी आधीच फिरवतात, कधी विसरतात. म्हणून वर्षभर मीच नीट करते, आणि काल विसरले तरी त्यांना वाटतं त्यांनीच कधीतरी फिरवली, अजून बरोबर जमतं. ते तसंच राहू दे, त्यांना लिहू नकोस.

पण काल फिरवताना तोटी फार घट्ट लागली, पोरीने नवीन जोड आवळलाय. तू येशील तेव्हा जरा सैल करून दे. शनिवारी ये.

तुझी ताई